ग्लुकोजवर पोसलेल्या पेशी

मला धीर असा कधी नव्हताच. पेशी वाढवायच्या कामात तो लागतो, आणि मी दर तासाला मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचे.

ठाण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत एक ताई होती, टिटवाळ्याहून येणारी. तिने दोन वर्षं एकाच प्रथिनावर काम केलं होतं. पेशीच्या केंद्रकातून मायटोकॉन्ड्रियासाठी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांसाठी, आरएनएचे निरोप निघतात. हे प्रथिन त्यांना धरून ठेवतं, वाटेत नष्ट होऊ देत नाही, असं तिचं म्हणणं. प्रथिन काढलं की मायटोकॉन्ड्रिया ढेपाळतात आणि माणसाच्या पेशी मरतात, हे तिने पाहिलं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी खात्रीसाठी तोच प्रयोग मला करायला सांगितला.

तिच्या वहीत पेशींना गॅलॅक्टोज नावाची साखर द्यायचं लिहिलं होतं. त्यावर त्या इतक्या रमतगमत वाढतात की माझा जीव मेटाकुटीला आला. मी सरळ ग्लुकोज घातलं.

"उपाशी मारतेस गं बिचाऱ्यांना," मी तिला चिडवलं.

"बदलू नकोस, त्याला कारण आहे," ती म्हणाली. ते ऐकायला मी थांबले नाही.

माझ्या पेशी प्रथिनाशिवाय मजेत वाढल्या. काही फरक पडत नाही, असं मी सरांना सांगितलं. विषय बंद झाला, ताईच्या नोकरीची मुदत वाढली नाही. आता ती घरी बारावीच्या शिकवण्या घेते.

यंदा एकदा पेशी वाढवायचं ग्लुकोजचं द्रव संपलं, म्हणून मी त्याच जुन्या पेशी गॅलॅक्टोजवर ठेवल्या. प्रथिन असलेल्या जगल्या, नसलेल्या मेल्या. तीनदा करून पाहिलं, तेच. ग्लुकोज भरपूर असलं की पेशी मायटोकॉन्ड्रिया बिघडले तरी भागवून नेतात; गॅलॅक्टोजवर मात्र त्यांच्याशिवाय जगता येत नाही. पोटभर खायला घालून मी त्यांचं दुखणं झाकलं होतं. मला माझीच चीड आली.

रविवारी माझ्या बाळकुमच्या घरात बसवेना, टिटवाळ्याला गेले. ताईने चहा ठेवला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, माफी मागितली, रडलेसुद्धा.

"सरांना सांगितलंस?"

"नाही अजून. आधी तुला सांगावं म्हटलं."

"तीनदा केलंस म्हणतेस. म्हणजे कळून महिना झाला."

मी डोळे पुसले.

"माझ्याकडे रडून तुझं काय जातंय? त्यांना लाव फोन. इथूनच."

मी फोन लावला. सरांनी लगेच उचलला.

"सर, त्या प्रथिनाबद्दल मी चुकीचं सांगितलेलं," मी म्हणाले. ताईने गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.