घरटं खाली आहे

बागेच्या फाटकावर कापडी फलक बांधला होता : ‘प्रकृति शिक्षा शिविर’. तो वाचून माझी नात जागच्या जागी थांबली. ती आदल्याच दिवशी पुण्याहून आली होती, नुकतीच चौथीत गेलेली, आणि तिच्या मराठीत शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं. माझा हात सोडून तिने अगदी गंभीरपणे विचारलं, “आजी, मी काय केलंय?”

मी पोट धरून हसले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, इथे झाडं-पाखरं ओळखायला शिकवतात, वगैरे सगळं तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं, पण मनात एक खूणगाठ बांधली की या गावातल्या लोकांना शब्द नीट वापरता येत नाहीत. त्यात मी आणि माझे यजमानही आलो. त्या दिवसापासून आमचं मराठी तपासणं हा तिचा सुटीतला उद्योग झाला. यजमानांनी “मी नहाऊन येतो” म्हटलं की ती म्हणायची, “अंघोळ करून.” ते “भाजीत नमक कमी आहे” म्हणाले की ती न बघता “मीठ” म्हणायची आणि जेवत राहायची.

मला याचा राग यायचा. मी तशी तापटच आहे. आमच्या दोघांच्या घराण्यांना या शहराच्या लष्कर भागात पिढ्या झाल्या. सासरचे लोक शिपाईगिरी करत आले, माहेरचे पोथ्या बगलेत घेऊन. इतकी वर्षं हिंदीच्या गराड्यात राहून आम्ही मराठी जपलं, ते थोडं मळलं म्हणून काय झालं? पण यजमान माझ्यासारखे नाहीत. ते नुसतं “बरोबर आहे, मीठ” म्हणायचे आणि तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढायचे.

त्यांचं कारण मला माहीत होतं. ही मुलगी एरवी आम्हाला फोनच्या पडद्यावर दिसायची. “हाय आजोबा” म्हणायची आणि पळून जायची. या वर्षी सुनेला नोकरीत सुटी मिळेना, म्हणून पहिल्यांदाच ती एकटी आमच्याकडे राहायला आली होती. पुढच्या वर्षी तिने स्वतःहून यावं, कोणी पाठवलं म्हणून नव्हे, एवढंच त्यांना हवं होतं. तोंडाने ते बोलले नाहीत, पण त्यांनी कूलरला नवीन खस, वाळ्याच्या ताट्या, लावून घेतली तेव्हाच मी ओळखलं.

बाग सरकारी आहे, शहराच्या टोकाला, भिंतीच्या आत नाना जातींची झाडं लावलेली. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर दर उन्हाळ्यात इथल्या शिबिरात मुलांना शिकवायला जाते. आमच्याकडचं ऊन ज्याने सोसलंय त्याला सांगायला नको. सगळं काम कोवळ्या उन्हात उरकायचं आणि दगड तापायच्या आत घरी परतायचं. पद्धत साधी आहे. प्रत्येक मुलाला एक झाड मिळतं. रोज त्या झाडाखाली बसायचं, बोलायचं नाही, आणि काय आलं, काय गेलं ते बघायचं. पहिले दोन-तीन दिवस मुलं कंटाळतात. मग कोणाला खार दिसते, कोणाला सरडा, आणि उठवलं तरी उठत नाहीत.

यजमानांना पाखरांत काडीचा रस नाही. इंदरगंजातल्या एका कचेरीत त्यांचा जन्म गेला. ते मला स्कूटरवरून सोडायला यायचे, तिथे रिकामं बसवेना म्हणून सतरंज्या अंथरू लागले, पाण्याचे माठ भरून घेऊ लागले, पाटणकर बाजारातून मुलांसाठी चणे आणि गूळ बांबूच्या डालीत घालून आणू लागले. हळूहळू शिबिराची सगळी व्यवस्था त्यांच्या गळ्यात पडली. माळीसुद्धा काही अडलं की त्यांनाच विचारतो.

नातीच्या वाट्याला शिरीष आला होता. मोठं झाड, आणि त्याच्या बुंध्याशी करवंदीची दाट जाळी. वर एका फांदीवर कावळ्याचं जुनं घरटं होतं, काटक्यांचा ढीग नुसता, ते सगळ्यांनाच दिसायचं. पण एका सकाळी ती माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली की जाळीत बुलबुलाचं घरटं आहे आणि आत तीन पिल्लं आहेत. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या : जवळ जायचं नाही आणि कोणाला सांगायचं नाही, नाहीतर सगळी मुलं तिथे गोळा होतील. दोन्ही तिने पाळल्या. आजोबांनाही सांगितलं नाही. रोज ती लांब बसून बघायची आणि स्कूटरवर माझ्या पाठीला तोंड लावून मला बातमी द्यायची. डोळे उघडले. पिसं फुटली. आई-बाबा आळीपाळीने येतात.

मग एका रात्री जोराची आंधी आली. सकाळी बागेत गेलो तर शिरीषाची ती कावळ्याच्या घरट्याची फांदी पिचून लोंबत होती, मुलांच्या सतरंजीच्या अगदी वर. घाईत जाळीतल्या घरट्याचं मला सुचलंच नाही; मी बाकीची मुलं घेऊन तळ्याच्या बाजूला गेले, नात आजोबांजवळ थांबली आणि माळी शिडी-करवत घेऊन आला. तो भला माणूस. फांदीवर घरटं दिसल्यावर त्याने हात थांबवला आणि आत पिल्लं तर नाहीत ना, असं यजमानांना विचारलं. त्यांनी नातीला विचारलं. झाड तिचं, तिच्याएवढं कोणाला ठाऊक असणार? “बाळा, घरट्यात काही आहे का गं?”

ती म्हणाली, “घरटं खाली आहे, आजोबा.”

यजमान माळ्याकडे वळून म्हणाले, “खाली है, काट दो.”

हे मला नंतर दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिला सांगायचं होतं की खरं घरटं वर नाही, खाली जाळीत आहे, जपा. यजमानांच्या कानांनी ऐकलं की घरटं रिकामं आहे. आम्ही जन्मभर तसंच बोलत आलो. रिक्षा खाली असते, डबा खाली असतो, बसमध्ये सीट खाली असते. आणि त्यांनी माळ्याला तोच शब्द सांगितला तेव्हा तिला वाटलं, आजोबांनी निरोप बरोबर पोचवला. ती निश्चिंत उभी राहिली.

फांदी पडल्याचा आवाज ऐकून मी आले. अख्खी फांदी करवंदीच्या जाळीवर आडवी झाली होती. नात रडत नव्हती. मुठी आवळून उभी होती आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मी त्यांना सांगितलं होतं. तरी त्यांनी कापायला लावली.”

यजमान पांढरेफटक पडले होते. “तिनेच तर बोललं ना,” ते मला म्हणाले, “खाली आहे म्हणून.”

घोटाळा कुठे झाला ते मला क्षणात समजलं, तरी यजमानांचा रागच आला. फांदी उचलून बाजूला केली. घरटं उलटं झालं होतं. एक पिल्लू मेलं होतं. दोन जिवंत होती, अर्धवट पिसांची, लाल तोंडं वासून बसलेली. माळी म्हणाला, हात लावू नका, माणसाचा वास लागला तर आई टाकून देते. हे सगळेच म्हणतात, पण तसं होत नाही. मी चण्यांची डाल रिकामी करायला सांगितली. तिच्यात ते मोडकं घरटं बसवलं, पिल्लं ठेवली आणि जाळीत होतं त्याच उंचीवर सुतळीने बांधायला लागले. यजमान डाल धरायला पुढे झाले तर नातीने त्यांच्या हातातून ती काढून घेतली आणि स्वतः धरली. ते मागे सरले.

मग सगळी मुलं लांब नेऊन बसवली. इतकी शांत मुलं मी शाळेत कधी पाहिली नाहीत. बराच वेळ काही झालं नाही. शेवटी बुलबुल आला, कापलेल्या फांदीच्या खुंटावर बसून ओरडला, उडून गेला. पुन्हा आला. या वेळी चोचीत काहीतरी होतं. जाळीभोवती एक फेरी मारून तो आत शिरला. मुलं एकमेकांना चिमटे काढायला लागली. यजमानांनी नातीकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी तिला जवळ घेऊन मी ‘खाली’चे दोन्ही अर्थ समजावले.

“म्हणून आजोबा रोज सकाळी टाकी खाली आहे म्हणतात?”

“हो. म्हणजे पाणी संपलंय, मोटर लाव.”

“मला वाटायचं, टाकी खालीच तर आहे, जिन्यापाशी. रोज काय सांगायचं त्यात.”

मला हसू आलं, तिला आलं नाही. आजोबांचा दोष नाही हे तिला पटलं होतं, पण पटलं म्हणून मन थोडंच वळतं? पिल्लू मेलं ते मेलंच. संध्याकाळी आईशी फोनवर बोलताना ती म्हणाली, “पुढच्या वर्षी मी नाही येणार इथे.” यजमान शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून त्यांचा आवाज आला, “टाकी रिकामी आहे.” एकेक अक्षर सुटं, घट्ट बुटात पाय घातल्यासारखं. मी स्वयंपाकघरात ऐकलं आणि मला गलबलून आलं. आदल्या दिवशी मी त्यांच्यावर चिडले होते, आता मला नातीचा राग आला. सत्तरीला टेकलेला माणूस, आपल्या आईच्या तोंडून शिकलेली बोली टाकून पुण्याची घोकत होता. त्यानंतर ते रोज तसंच बोलले. नमक नाही, मीठ. नहाणं नाही, अंघोळ. “खाली” तर त्यांनी जिभेवरून पार पुसून टाकलं. नातीने एकदाही “बरोबर” म्हटलं नाही. पण चूक काढायचंही तिने सोडून दिलं. जेवणाच्या टेबलावर नुसती शुद्ध भाषा ऐकू यायची, आणि ती फार थोडी.

बागेत ते सगळ्यांच्या आधी जाळीपर्यंत जायचे आणि लांबूनच परत यायचे. डालीत डोकावायचा त्यांना धीर नव्हता. चालू लागल्या का, खातात का, असं ते मला विचारायचे, जणू पिल्लं नव्हे, मुलीच होत्या. मी सांगायचे, मोठी होताहेत. नात सगळं ऐकत असायची.

शिबिराचा शेवटचा दिवस आला. पालक यायचे होते, म्हणून आम्ही लवकर गेलो. यजमान फाटकाजवळच्या बाकावर माठ मांडत थांबले. जाळीकडे गेलेच नाहीत. आज सरळ जायला काय होतंय, असं मी टोकलं, तर म्हणाले, तूच बघून ये. त्याआधी नात पळाली होती. थोड्या वेळाने ती झाडांमधून परत येताना दिसली, भरभर चालत, धापा टाकत. माझ्याकडे न येता सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली.

“आजोबा, डाल खाली आहे.”

त्यांचा हात माठावरच राहिला. त्यांनी जमिनीकडे पाहिलं, मग झाडांकडे, मग हळूच बाकावर बसले. आठवडाभर पुण्याचं मराठी बोलून आता ते ऐकूही पुण्याच्याच कानांनी लागले होते. डाल खाली आहे, म्हणजे सुतळी तुटली, पडली, संपलं.

तिने त्यांचं मनगट धरलं आणि शिरीषाच्या शेजारच्या कडुनिंबाकडे ओढायला लागली. तिथे दोन आखूड शेपटांची पिल्लं फांदीवर दाटीने बसली होती आणि बुलबुलाची जोडी त्यांच्याभोवती ओरडत होती.

“तसं नाही हो,” ती म्हणाली. “तुमचं खाली.”