न विचारणारं गिऱ्हाईक

आर्डिथ क्वामे बावीस वर्षं बंदुकांच्या दुकानात काउंटरमागे उभी होती, आणि बावीस वर्षं पुरुष तिच्यासमोर येऊन एकच वाक्य बोलत होते: "सगळ्यात मोठं काय आहे तुमच्याकडे?"

सगळ्यात मोठं! जणू जत्रेत भोपळा घ्यायला आलेत. हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मोंटानाच्या त्या उत्तर पट्ट्यात, जिथे थंडीत माणसाचं मस्तकसुद्धा गोठतं, तिथे ती आग विझायला फार वेळ लागायचा. दुकान रॉयसचं. त्याच्या वडिलांनी आर्डिथला कामावर ठेवलं होतं, वडील गेल्यावर दुकानाबरोबर ती रॉयसला वारशात मिळाली. गावात लोक म्हणायचे, रॉयसकडे पिस्तूल घ्यायला जायचं तर आधी जेवून जावं, ती बाई तासभर उलटतपासणी घेते.

घ्यायचीच. गेल्या उन्हाळ्यात एक दाढीवाला आला. हातावर अस्वल गोंदवलेलं. त्याला चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर हवं होतं, घराच्या रक्षणासाठी.

"घरात कोण कोण असतं?" आर्डिथने विचारलं.

"बायको आणि दोन पोरं."

"पोरं कुठे झोपतात?"

"शेजारच्या खोलीत."

"मधली भिंत कसली आहे?"

"चाकांवरच्या ट्रेलरच्या घरात राहतो मॅडम. असते तशी भिंत."

"म्हणजे पुठ्ठ्याची. चोर इथे, तू तिथे, आणि पोरं त्याच्या पाठीमागे भिंतीपलीकडे. तुझी गोळी चोराजवळ थांबणार नाही, भिंत ओलांडून पोरांच्या खोलीत जाईल. तुझा नेम चुकला तर चोराला वगळून थेट तिकडेच. आधी घरी जाऊन पलंग हलव. मग पिस्तूल बघू."

दाढीवाला लाल झाला. "मी पैसे देणारा आहे ना?"

"देशीलच. पण पोरं परत देता येणार नाहीत मला."

मग तिने त्याला दुकानामागच्या खडीच्या खाणीत पाठवलं, तिथे मातीचा बांध घालून नेमबाजीची जागा केलेली होती. ते मॅग्नम आणि एक जुनं पोलादी पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल, दोन्ही देऊन. हलक्या रिव्हॉल्व्हरच्या दोन बारांत गडी मनगट चोळायला लागला. जड पोलाद झटका स्वतःच्या अंगावर घेतं, तो हाताला ढकलतो, चापट मारत नाही, हे त्याला कळलं. तेच जुनं पंचेचाळीस त्याने घेतलं, तेही वीस डॉलर कमी करून, तेही अर्धा तास कुरकुर करून. आता दर गुरुवारी येतो नेमबाजीला. पोरांचे पलंग ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला नेलेत म्हणतो. त्याची बायको आर्डिथला चोकचेरी नावाच्या रानफळाच्या जेलीची बाटली देऊन गेली.

रॉयस वैतागायचा. "तुम्ही गिऱ्हाईक घेता की परीक्षा?"

"ज्याला खरंच घ्यायचंय तो भांडतो," ती म्हणायची. "आपल्याकडे माणूस पाना घेताना किमतीला नावं ठेवतो, फावडं घेताना दांडा तीनदा आपटून बघतो. पिस्तूल म्हणजे लग्नाची मुलगी बघितल्यासारखं. मूठ हातात भरते का, चाप जड आहे का, गोळ्या महाग आहेत का. विचारतो तोच वापरणार."

फेब्रुवारीत, शून्याखाली वीस अंश असताना, दुपारी एक माणूस आला. पन्नाशीचा, दाढी केलेली, स्वच्छ कोट, बुटांवरचा बर्फ दारात नीट झटकलेला. नाव मर्ल स्टेन्सरुड, चाळीस मैलांवरच्या गावातला, धान्याच्या कोठारावर कामाला.

"पंचेचाळीस हवं," तो म्हणाला. "घरासाठी. आणि रेंजवर नेमबाजीसाठी."

आर्डिथला बरं वाटलं. मोठं नको, सगळ्यात मोठं नको, नेमकं पंचेचाळीस. तिने तीन पिस्तुलं काढून मखमलीवर मांडली. त्याने पहिल्यावर बोट ठेवलं. "हे चालेल."

"हातात तर घे."

त्याने घेतलं. धरलं नाही, नुसतं घेतलं, कुणी डबा दिल्यावर घेतो तसं. डोळ्याच्या रेषेत नेलं नाही. चाप कसा आहे विचारलं नाही. परत ठेवलं.

"मूठ मोठी होतेय का?"

"ठीक आहे."

"घरात कोण असतं?"

"कुणी नाही."

त्याने फॉर्म भरला. अक्षर शाळेत बक्षीस मिळावं असं. आर्डिथने त्याच्यावर काही गुन्हे आहेत का बघायला सरकारी चौकशीचा फोन लावला, पाच मिनिटांत उत्तर आलं: हरकत नाही. ती फोन ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या गावातसुद्धा बंदुकांचं दुकान आहे, हे तिला आता आठवलं. चांगलं दुकान आहे. तिथे त्याला सगळे ओळखतात.

म्हणून तिने एक खोडी काढली. कोपऱ्यात दोन वर्षं पडून असलेलं, चाप अडकणारं, ओरखड्यांनी भरलेलं एक पिस्तूल तिने पुढे सरकवलं. "त्यापेक्षा हे घे. नऊशे डॉलर." ते तीनशेलाही कुणी नेत नव्हतं.

"बरं," मर्ल म्हणाला आणि पाकीट काढलं.

या पट्ट्यात जन्मलेला माणूस नऊशे डॉलरला "बरं" म्हणतो?

"गुरुवारी नेमबाजी असते. नाव लिहू?"

"गुरुवारी नाही जमणार."

"मग कधी?"

तो नोटा मोजायला लागला.

"गोळ्या किती देऊ? रेंजवर एका दुपारी शंभर जातात."

"सगळ्यात लहान खोका कुठला आहे?" मर्लने विचारलं. आल्यापासून त्याने विचारलेला हा एकच प्रश्न.

सहा वर्षांपूर्वी ग्रेटा लिंडाल आली होती. शाळेत पियानो शिकवायची. दहा मिनिटांत पिस्तूल घेऊन गेली, सगळ्याला "बरं, बरं" म्हणत. ती गेल्यावर आर्डिथ रॉयसला म्हणाली होती, असं गिऱ्हाईक रोज यावं. चौथ्या दिवशी शेरिफचा माणूस ग्रेटाच्या प्रेताजवळ सापडलेली पावती घेऊन आला. पावतीवर सही आर्डिथची होती. गावात कुणी तिला दोष दिला नाही. उलट सगळे म्हणाले, तुला कसं कळणार. याचाच तिला संताप होता. न कळायला काय झालं होतं? दहा मिनिटं समोर उभी होती की ती बाई!

आर्डिथने तिन्ही पिस्तुलं आणि ते चौथं भंगार उचललं, कपाटात टाकलं, किल्ली फिरवली आणि खिशात घातली.

"मी विकणार नाही तुला."

"का?"

"माझी मर्जी."

आवाज ऐकून रॉयस आतून आला. काय झालंय ते कळल्यावर त्याने आर्डिथला बाजूला ओढलं. "चौकशीत पास झालाय तो! सरकारला चालतो आणि तुम्हाला चालत नाही?"

"सरकारने त्याचे हात बघितले का? टेलिफोनवर?"

"महिनाभरात चार माणसं फिरकली आहेत दुकानात. आणि तुम्ही पाचव्याला हाकलताय."

"तुझ्या वडिलांनी नियम केला होता, काउंटरवरचा माणूस नाही म्हणाला तर नाही. नियम मोडायचाय? मोड. किल्ली घे, तू वीक, आणि पावतीवर तुझी सही कर. पूर्ण नाव लिही, सुवाच्य."

तिने किल्ली पुढे धरली. रॉयसने ती घेतली नाही. तोही सहा वर्षांपूर्वी दुकानातच होता.

मर्लचा चेहरा मात्र आता लाल झाला होता. "मी कर भरतो. कुणाचं वाकडं केलेलं नाही. माझा हक्क आहे तो. तुम्ही माझ्या कोण लागता?"

"कुणी नाही. हक्क तुझा आहे, दुकान आमचं आहे."

"तुमच्यासारखी उद्धट बाई मी जन्मात बघितली नाही!" म्हणत तो दार आपटून गेला.

आर्डिथ खिडकीतून बघत राहिली. पिकअप हलली नाही. इंजिनही सुरू झालं नाही. पूर्वेला तासाभरावर आणखी एक दुकान होतं आणि तिथल्या मालकाने दगडालाही तोफ विकली असती. ती तशीच, कोटाशिवाय, बर्फातून गेली, पिकअपचं दुसरं दार उघडून आत बसली.

"हीटर लाव."

"उतरा खाली."

"साठी ओलांडलेल्या बाईला थंडीत मारतोस? लाव आधी."

त्याने लावला. आर्डिथने गारठलेले हात हीटरच्या जाळीवर धरले. मग आर्डिथने, तिला गोडीगुलाबी येतच नव्हती म्हणून, सरळच विचारलं, "रेंजबिंज काही नाही. स्वतःलाच मारायचं होतं ना?"

मर्लने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याची बायको ऑक्टोबरात गेली होती. तीन आठवडे चर्चमधल्या बायका भांडी भरभरून जेवण आणून देत होत्या.

"मग थांबल्या," तो म्हणाला. "मग एकेक जण येऊन भांडी परत घेऊन गेली. तळाला नावं चिकटवलेली असतात ना. दारातूनच न्यायच्या. शेवटची आली, ओव्हनमध्ये घालायचं काचेचं भांडं न्यायला, तीन डिसेंबरला. त्यानंतर घरात कुणी आलेलं नाही."

हे ऐकून आर्डिथ जी भडकली! नाताळ गेला, नवं वर्ष गेलं, आणि काचेच्या भांड्याची आठवण राहिली, भांड्यातलं खाणाऱ्याची नाही. आणि हेच लोक रविवारी पुढच्या बाकावर बसून सगळ्यात मोठ्याने गाणार. तिने त्या गावातल्या एकूण एक धर्मशील बाईला अशा शिव्या घातल्या की मर्लने डोकं वर काढून तिच्याकडे बघितलं. मग ती त्याच्यावरच घसरली. "आणि तू! तोंडात मूग होते? फोन नाही घरात? कोण आहे तुझं?"

"बहीण आहे. शेल्बीला. तिला तिचे व्याप आहेत."

"लाव फोन. आत्ता. माझ्यासमोर. आणि मला सांगितलंस ते तिला सांग, ठीक आहे वगैरे बोललास तर फोन मी घेईन."

त्याने तीनदा नंबर चुकवला. चौथ्यांदा लागला. तो बोलत असताना आर्डिथ खिडकीबाहेर बघत राहिली, पण ऐकत होती, एकही शब्द गाळू देणार नव्हती. बहीण म्हणाली, निघते. दीड तास लागला तिला. दीड तास आर्डिथ त्या सीटवरून हलली नाही. मध्ये रॉयस तिचा कोट आणि दोन कॉफ्या घेऊन आला, "दुकानावर कोण बसणार?" असं पुटपुटला आणि उत्तराची वाट न बघता परत गेला. बहीण आली, गाडीतून उतरताच तिने भावाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि दोघे तिच्या गाडीतून सरळ दवाखान्यात गेले. आर्डिथला आभार मानायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. ती घरी जाऊन, बूटही न काढता, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रडली.

पुढच्या शरद ऋतूत चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं जेवण होतं. त्या बुळबुळीत माशासाठी तीन तालुक्यांतले लोक येतात. आर्डिथ रॉयसच्या बायकोबरोबर रांगेत उभी होती आणि पुढे, बहिणीशेजारी, मर्ल. थोडा जाड झालेला. त्याने मागे वळून आर्डिथला बघितलं आणि त्याचा चेहरा पुन्हा तसाच लाल झाला.

"हीच ती बाई," तो शेजारच्या माणसाला मोठ्याने म्हणाला. "पैसे मोजून देत होतो, तर मला दुकानातून हाकलून दिलं! वर माझ्या गाडीत घुसून मला नाही नाही ते बोलली. असलं उद्धट माणूस पुन्हा भेटू नये." बहीण त्याची बाही ओढत होती, पण तो थांबेना. रांगेतल्या दहा-बारा माना आर्डिथकडे वळल्या.

रॉयसच्या बायकोचा पारा चढला. "ऐकलंत? काय कृतघ्न माणूस आहे! सांगा की सगळ्यांना खरं काय ते. तुमच्याऐवजी मी सांगू?"

"खबरदार," आर्डिथ म्हणाली. तिने ताट पुढे केलं आणि वाढणाऱ्याला आणखी लोणी घालायची खूण केली.

"अहो पण, सगळ्या गावासमोर बोलतोय तो!"

"बोलू दे," आर्डिथ म्हणाली. "बोलतोय ना."