मेनीर, उठू नका

आम्ही पाच जण पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. बाबा मार्केट यार्डात हमाल होते. टीव्ही समोरच्या घरी, तो आम्ही त्यांच्या खिडकीबाहेर उभं राहून बघायचो. क्रिकेटमध्ये आपली जोडी जमली की बाबा दटावायचे, "कुणी जागचं हलायचं नाही." दिवसभर पोती वाहिलेला माणूस तासन्‌तास तसाच उभा. पाय दुखत नाहीत का विचारलं तर म्हणायचे, "ते खेळतायत. आपण निदान उभं तरी राहू." एवढं करून बहुतेक वेळा हरायचोच.

मी शिकले. घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि हे सांगायला मी लाजत नाही. नोकरीने मला नेदरलँड्समधल्या हार्लेमला आणलं. इथे दर रविवारी सायकल काढून मी जवळच्या बेसबॉल क्लबच्या मैदानावर जाते. का जाते, सांगता येत नाही. आमची टीम हरते. पावसात हरते, उन्हात हरते, हातात आलेला सामनाही नेमाने घालवते. बाकावर शेजारी एक म्हातारे डच गृहस्थ बसायचे. मी त्यांना मेनीर म्हणायचे, म्हणजे आपलं 'साहेब'. थर्मासमधली कॉफी प्यायची, टीमला शिव्या घालायच्या आणि पुढच्या रविवारी परत यायचं.

गेल्या मोसमात तर एकही सामना जिंकलो नव्हतो. शेवटच्या रविवारी मेनीर म्हणाले, "गुडघे गेले. पुढच्या आठवड्यात मुलीकडे जातोय, आइंडहोवनला, कायमचा. एक तरी विजय बघून गेलो असतो."

मी त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

शेवटची इनिंग आली. एका रनने मागे, दोन आउट, तिसरा गेला की खेळ संपला, पण आमचे दोघे बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवरच्या थांब्यांवर, पोचलेले. आणि मेनीर उठायला लागले. कॉफी जास्त झाली होती.

मी बाही धरली. "मेनीर, उठू नका."

"का?"

"तुम्ही बसून होतात म्हणून दोघे पोचले. उठलात की गेलं सगळं."

"तू इंजिनियर ना?"

"सर्टिफिकेट घरी आहे. बसा."

"या वयात थांबणं माझ्या हातात नसतं, बाई."

"माझे बाबा पोती वाहून उभे राहायचे. तुम्हाला नुसतं बसायचंय."

पुटपुटत बसले. पायावर पाय घट्ट टाकला, नजर मैदानावर. दोन चेंडू हुकले. तिसरा बॅटवर आला आणि सरळ कुंपणापर्यंत गेला. एक जण घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आला आणि बरोबरी झाली. दुसरा मातीत घसरत आला, आणि पंचाने हात पसरले: आउट नाही, जिंकलो.

क्षणभर कुणी ओरडलंच नाही. सवय नव्हती.

"आता जाऊ?" मेनीरांनी विचारलं.

"जा."

ते गुडघे धरत पळाले. मी उठले नाही, माझे पाय बधिर झाले होते.

आता त्या बाकावर मी एकटी बसते. टीम पुन्हा हरायला लागली आहे. पण त्या मोसमात आम्ही एक सामना जिंकलो, आणि मेनीरांनी तो बघितला.