पटकथेत नसलेले वाक्य

भिवंडीतल्या त्या शुक्रवारचा धक्का निवृत्तीनंतरही मनातून गेलेला नाही. एका चित्रपटाच्या बंदोबस्ताला गेलो आणि सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्याचा तपास घेऊन परतलो.

माझी तिथे बदली होण्याआधी एका यंत्रमाग कारखान्याला आग लागून माळ्यावर झोपलेले कामगार गुदमरून मेले होते. 'दरवाजा उघडा होता, धुरात कुणाला सापडला नाही,' असा वॉचमनचा जबाब. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, प्रकरण मिटले. पुढे कारखान्याचा मालक पालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि त्याच सुमारास इथल्याच एका तरुणीने त्या आगीवर चित्रपट काढला. तिच्या वडिलांची कशेळीला गोदामे. मुलगी कामगारांची बाजू मांडते म्हणून घरात अबोला. नट तिने आसपासचेच घेतले होते.

खबऱ्याने सांगितले, "साहेब, मालकाची माणसं शो उधळणार."

स्टेशन डायरीला नोंद करून जादा बंदोबस्त लावला. शुक्रवारी लूमला, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी असल्याने दुपारीच सभागृह भरले. बाहेर घोषणा देणाऱ्यांना आम्ही ताब्यात घेऊन गाडीत बसवले. मला वाटले, काम झाले.

तेवढ्यात आतून किंकाळी आली. धावत गेलो. पडद्यावर धूर, कुलूप लावलेला दरवाजा, बाहेर वॉचमन. एक बाई उभी राहून पडद्याकडे हात करत ओरडत होती, "यही बोला था! यही!"

तिचा नवरा त्या आगीत गेला होता. तिला बाजूच्या खोलीत बसवून पाणी दिले. ती म्हणाली, "मेरे आदमी ने आखिरी फोन किया था, साहब. बोला, बाहर वॉचमन खड़ा है, कहता है मालिक आएगा तब खोलूँगा. फिर खाँसी... फिर कुछ नहीं."

पडद्यावरच्या वॉचमनने दाराला तोंड लावून हेच वाक्य म्हटले होते.

दिग्दर्शिकेला विचारले, "हे तुला कुणी सांगितलं?"

"सर, मी हे लिहिलंच नव्हतं. माझ्या पटकथेत वॉचमन झोपलेला आहे. शूटिंगला वॉचमनचं काम करणारे काका झोपलेच नाहीत. दारापाशी गेले आणि बोलले. इतकं खरं वाटलं की तसंच ठेवलं."

हे काका अकलोली गावाकडचे. काम मागत स्वतःहून आले होते. पोलीस ठाण्यात जुने कागद काढले, तर नाव तेच. तेव्हा जबाब देणारा वॉचमन हाच.

त्याला समोर बसवले. मी आवाज चढवला नाही. एवढेच सांगितले, "ती बाई बाहेर बसलीय."

मग तो बोलला. "मालकाला फोन केला मी. तो बोलला, माल चोरीला जाईल, मी येतो, तवर खोलू नको. चावी हातात व्हती साहेब. मानसं आतून दार बडवत व्हती. आवाज थांबला, तवा खोललं."

"मग चित्रपटात का बोललास?"

"ती पोर बोलली, झोपा. पन मी झोपलो न्हवतो. खोटं एकदा बोललो, पुन्ना न्हाय जमलं."

त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला. न्यायालयाला कळवून पुन्हा तपास सुरू केला आणि मालकाला ऐन प्रचारात अटक केली. चित्रपटाची प्रत मुद्देमालात जमा झाली. पुढे दोघांनाही शिक्षा झाली.

त्या बाईचा जबाब घेताना मी विचारले होते, "तब क्यूँ नहीं बताया?"

"लाश लेने आई थी, साहब. अँगूठा लिया, बोले जाओ. पूछा किसने?"

मी फाइल पुन्हा चाळली. मालकाचा जबाब होता, वॉचमनचा होता, शेजारच्या दुकानदाराचाही होता. मेलेल्यांच्या घरच्यांचा एकही नव्हता. त्यानंतर अकस्मात मृत्यूचा कागद सहीला आला की मी समोरच्या अंमलदाराला पहिल्यांदा विचारायचो, "घरच्यांशी कोण बोललं?" तो गप्प राहिला, तर कागद तसाच परत द्यायचो.