ठशाचं टेबल हाललं नाय

नाय. मशीन आलं म्हणून आमच्या हाताचं काम गेलं नाय. कोणी विचारायच्या आत सांगून टाकते, कारण ज्याला त्याला हेच वाटतं, पण तोंडावर कोणी विचारत नाय, नुसतं कीव केल्यासारखं माझ्या हाताकडं बघतं. काम आहे. हात निळेच आहेत. आता पुढं.

शोभना इंगळे मॅडमना साठ वर्षं पुरी झाली म्हणून त्यांच्यावर पुस्तक निघतंय. पुस्तकवाले माझ्याकडं आले, म्हणले, मावशी, दोन पानं द्या, अगदी मनापासून. मनापासून नाय तर काय गुडघ्यापासून देणार? शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिता येतं, सजवता येत नाय. मी गयाबाई खरात. चितेगावला मॅडमची शेड आहे, तिथला रंगाचा हौद माझ्याकडं असतो. वयानं मी त्यांच्याहून मोठी, पण बोलते अहोजाहो करूनच.

पहिली भेट सांगा म्हणले, तर ती अशी. तेव्हा मी शहरात एका कारखान्यात हिमरूच्या शालींचं सूत रंगवायचे. मॅडम कॉलेजात कापडाची नक्षी शिकवायच्या. एक दिवस पोरापोरींची पलटण घेऊन आल्या. पोरं लांबून फोटो काढत होती. मॅडम हौदाशी बसल्या आन् बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला निळीत.

मी वरडले, "अहो मॅडम! जात नाय तो रंग!"

"किती दिवस जात नाय?"

"पोटभर जेवण जाणार नाय असल्या हातानं, एवढे दिवस."

"बरं," म्हणल्या, आन् दुसरा हात पण घातला.

मग कळलं की त्याच आठवड्यात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. निळ्या हातानं अक्षता टाकल्या त्यांनी. नवरीच्या सासूनं विचारलं म्हणे, बाईंना काही आजार आहे का.

पुढं तो कारखाना बंद पडला. मी घरीच बसले होते. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. "गयाबाई, मी चितेगावला, पैठण रोडवर शेड घेतलीय. हौद बांधलाय. हौदावर माणूस नाय." एवढंच. चहा पण घेतला नाय. दुसऱ्या दिवशी मी गेले.

आता त्यांचं काम काय, ते. शिकलेली माणसं ह्या पुस्तकात ते लिहितीलच आन् मला कळणार नाय असं लिहितील. मी बघते ते सांगते. मॅडम जुन्या हिमरूच्या शालीचा फोटो काढतात, विरलेल्या, उसवलेल्या. वाळूजला कंपन्यांच्या मागं गंजके पत्रे पडलेले असतात, त्यांचा काढतात. माझ्या घरचा पत्रा गंजला तर मला झोप येत नाय, आन् ह्या गंजाला "काय सुंदर" म्हणतात! मग कॉम्प्युटरवर शालीचं फूल आन् पत्र्याचा गंज एकात एक मिसळतात. ते मशीन कापडावर छापतं. प्रशांत मशीन चालवतो. वाफ देऊन छपाई पक्की झाली की कापड सलीमभाईंकडं, ठशाच्या टेबलावर. ते मातीच्या लेपानं लाकडी ठसे मारतात. मग माझा हौद. लेपाखाली रंग जात नाय, बाकी सगळीकडं जातो. धुऊन काढलं की मशीनचं फूल ठशाच्या आकारातून बाहेर बघतं, आन् भोवती माझा निळा. पहिलं कापड असं वाळत घातलं तेव्हा मी हौद सोडून बघायला आले. उगं उभी राहिले. लई चांगलं झालं होतं.

स्वभावाचं सांगा म्हणले. मॅडमना बडबड चालत नाय. पुण्याची एक मुलगी शिकायला आलेली, रोज मोठंमोठं बोलायची, मला हे मांडायचंय, ते मांडायचंय. मॅडम म्हणल्या, "मांड. आधी तुझी बादली धू, काल तशीच ठेवून गेलीस." आन् माझं गुडघ्याचं दुखणं. हौद खाली होता, वाकून वाकून जीव जायचा. मी कधी बोलले नाय. एक दिवस आले तर गवंडी हौदाचा कठडा कमरेइतका उंच करत होता. मी म्हणलं, कशाला हा खर्च. तर म्हणल्या, "मशीन बसवलं तेव्हा त्याला टेबल केलंच ना? मग तुम्हाला का नाय?" ह्याला मी उपकार म्हणते. त्या म्हणू देत नायत, म्हणून इथं लिहिते.

आता मला जे सांगायचंय ते. वरचं सगळं पुस्तकवाल्यांसाठी होतं.

मशीन नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या एका मोठ्या हॉलसाठी पडद्यांचं काम आलं होतं. शेडचं तोवरचं सगळ्यात मोठं काम. मशीनसाठी कापड बाहेरून मसाला लावूनच येतं. त्या मसाल्यावरच छपाई धरते. पण दिसायला ते कोऱ्या कापडासारखंच, हाताला जरा कडक. आन् आमच्या धंद्यात कोरं कडक कापड आलं की पहिलं काय करायचं? खळ काढायची, भिजवून धुवायचं. सलीमभाईंचं आयुष्य त्यात गेलं. सकाळी सगळ्यांच्या आधी आले, तागे दिसले, कोणी सांगायला नव्हतं. झाडून सगळे भिजवले, धुतले, वाळवले, घडी घालून ठेवले. वर मलाच म्हणले, "देखो गयाबाई, आज काम कितना आगे गया!"

प्रशांतनं छापलं. छापताना फूल जरा पसरल्यासारखं दिसत होतं. वाफ दिली, धुतलं, आन् सगळा रंग नालीत गेला. कापडावर राहिला तो डाग. प्रशांत डोकं धरून बसला. "मसाला लावलेलं कापड धुतलं कोणी? कोणी धुतलं?"

सलीमभाई उठले. चपला घातल्या आन् गेले. दुसऱ्या दिवशी आले नायत. तिसऱ्याही नाय.

मॅडमचे एक भागीदार होते तेव्हा. ते म्हणले, "हे बरंच झालं. ठशाचा फोटो काढा, मशीनवर छापा. हुबेहूब येतो. ते टेबल काढा, तिथं दुसरं मशीन बसेल." मी हौदावरून ऐकत होते. टेबल गेलं की हौदाचा नंबर, हे मला चौथीच्या शाळेतही कळतं. माझे हात पाण्यातच थांबले.

मॅडम म्हणल्या, "येतो फोटो. मी काढून बघितलाय. पण फोटो मला कधी म्हणत नाय की मॅडम, हे फूल इथं वाईट दिसतंय. चाचा म्हणतात." सलीमभाईंना त्या चाचा म्हणतात. मग मला हाक मारली, "गयाबाई, हात पुसा. चाचांकडं जायचंय."

सलीमभाई खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसलेले. त्यांची बायको आम्हाला बघून म्हणली, "अच्छा हुआ आए. लेके जाव इनकू. काम नहीं तो घर के पर्दे धोए, चादरां धोए, अब मेरी नवी साडी पानी में डालने निकले थे!"

मी हसले. सलीमभाई हसले नायत. "मॅडम, मेरेकू नक्को बुलाव. तुमारा लई नुकसान हुआ."

मला वाटलं मॅडम आता म्हणतील, जाऊ द्या, काही नाय झालं. तर म्हणल्या, "झालं. लई झालं. खोटं कशाला बोलू?"

सलीमभाईंनी मान खाली घातली.

"पण चाचा, कापड मसाल्याचं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"नहीं."

"सांगायचं कोणी होतं?"

त्यांनी वर बघितलं.

"मी. मशीन आणलं मी, कापड मागवलं मी. कोरं कापड तुम्ही धुतलं नसतं तर मीच विचारलं असतं, चाचा, आज का नाय धुतलं म्हणून." मग तिथंच, त्यांच्या खाटेवर बसून, मॅडमनी मुंबईच्या माणसाला फोन लावला. म्हणल्या, पडदे वेळेवर होत नायत, चूक माझी आहे. पलीकडून तो माणूस जे बोलला ते आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मॅडम मधे बोलल्या नायत. सलीमभाईंचं नाव काढलं नाय. काम गेलं ते गेलंच, पुन्हा आलं नाय. भागीदारही काही दिवसांनी निघून गेले. लई कडकी काढली आम्ही नंतर.

फोन ठेवून मॅडम उठल्या. "न्यायला नाय आले. सांगायला आले. यायचं का नाय, तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर सलीमभाई प्रशांतसमोर उभे. "बता. कौनसा धोना, कौनसा नक्को?" प्रशांतनं दाखवलं. सलीमभाईंनी मसाल्याच्या एकेक ताग्याचा कोपरा धरला आन् गाठ मारली. "आंख चूकती. हाथ कू गाठ लगी तो हाथ रुकता." तेव्हापासून शेडमध्ये तोच कायदा आहे: गाठीचं कापड पाण्यात नाय. आता बाहेरून बघायला येणारे त्या गाठीचे फोटो काढतात, विचारतात ही किती जुनी परंपरा. मॅडम सांगतात, "प्रशांत कामाला लागला तेव्हाची."

टेबल आहे तिथंच आहे. दुसरं मशीनही आलं, ते मॅडमच्या स्वतःच्या ऑफिसात बसवलं, आन् मॅडमची खुर्ची आता दाराबाहेर पत्र्याखाली असते. उन्हाळ्यात तिथं बसवत नाय. तरी बसतात.

तर मॅडमना शंभर वर्षं मिळोत, आन् ती नुसती मिळू नयेत, धडधाकट मिळोत. डोळे राहोत, कंबर राहो, साखर वाढू नये. पुस्तक निघाल्यावर हार-तुऱ्यात फार वेळ घालवू नका, त्या दिवशी हौदात माल असणार आहे.

शेवटी अजून चार ओळी भावनेच्या द्या म्हणून पुस्तकवाल्यांचा दोनदा फोन आला. देणार नाय. झालं माझं.