एडनच्या कमाईचा हिसाब

चहा आधी संपवा, न्हाईतर हसता हसता सांडाल. माझ्या हातून एकदा असा घोटाळा झाला, की सासुरवाडीला तोंड दाखवायची सोय राहिली न्हाई!

चार वर्षं मी एडनला होतो, बंदरावरच्या दवाखान्यात कंपाउंडर. तुळजापूरला परत येऊन जेमतेम दोन महिने झालेले. निजामी जाऊन नवं सरकार आलेलं, पण नवे कायदे आमच्या अंगवळणी कुठं पडलेत? शेजारी रिटायर पेशकारकाका राहायचे. तहसील कचेरीत जन्म गेलेला. गल्लीत त्यांचा शब्द म्हणजे कायदा! एके दिवशी सकाळी दारातूनच ओरडले,

"इन्कम टॅक्सचा हिसाब दिलात का हो?"

"कसला टॅक्स?"

"परदेशात कमावलंत न्हवं? साहेब उस्मानाबादला डाकबंगल्यात मुक्कामाला हायत. मुदत आज पाचपर्यंत!"

"आन् न्हाई दिला तर?"

काकांनी नुसती दोन्ही मनगटं जोडून दाखवली. बेडी!

बायको रडायला लागली. मी कागद घेतला आणि एडनहून आणलेलं सगळं लिहीत सुटलो. घड्याळ, थर्मास, इस्त्री, दोन नायलॉनच्या साड्या. पार साबणाच्या वड्यासुद्धा!

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, नेमके तेव्हा लेकीला भेटायला आले होते. आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला त्यांचं कापडाचं दुकान. माझी दशा बघून म्हणाले, "जावईबापू, मी येतो संगं. भ्यायचं न्हाई. खरं ते सांगून मोकळं व्हायचं. लपवलं की माणूस फसतो."

देवमाणूस हो! हातातला घास टाकून निघाले.

वाटेत मोटार पंक्चर झाली. ड्रायव्हर निवांत बिडी ओढतोय आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय. डाकबंगला गाठला तेव्हा साडेचार वाजून गेलेले. मामा बाहेर बाकावर बसले, मी आत.

साहेब तरुण होते, शांत. मी कागद पुढं केला. माझा अवतार बघून त्यांनी आधी पाणी दिलं.

"चारी वर्षं तिकडंच होतात? इथं काही कमाई?"

"न्हाई साहेब. देवाशपथ!"

"मग तुमच्यावर कर बसत नाही. आणि या साबणाचं मी काय करू?"

काय सांगू, डोक्यावरचा डोंगर उतरला! माणसानं इथंच नमस्कार करून उठावं की न्हाई? पण आनंदानं माझी जीभ सैल सुटलेली. साहेबांनी सहज विचारलं,

"इकडं घरचं कोण बघत होतं?"

"आमचे सासरे! मी पाठवलेले पैसे त्यांनीच सांभाळले."

"काय करतात?"

"कापडाचा धंदा. वाशीच्या बाजारात तसं दुकान न्हाई साहेब! लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसते. औंदा तर मागं दुसरं गोदाम बांधलं."

"अरे वा." साहेबांनी पेन उघडलं. "ते किती कर भरतात?"

आता बघा माझी अक्कल. मी चक्क हसलो!

"ते कशाला कर भरतील? ते तर कधी परदेशी गेलेच न्हाईत!"

साहेबांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "ते बाकावर बसलेत, तेच का?"

"व्हय!" मी अभिमानानं म्हणालो.

"त्यांना आत पाठवा."

मामा मिशीवरून हात फिरवत आत गेले. त्यांना वाटलं, जामीन राहायचंय. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा मिशा खाली आणि हातात नोटीस. नाव, गाव, दुकान, दोन्ही गोदामं, सगळं अगदी बरोबर लिहिलेलं.

परतीच्या मोटारीत ते नोटीस उलगडून पुन्हा पुन्हा वाचत होते. मी खाली मान घालून बसलो. तुळजापूरचे दिवे दिसायला लागले, तसं त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता शिव्या. पण लई अदबीनं विचारलं,

"जावईबापू, एडनची बोट पुन्हा कधी सुटतीय?"