अक्काने न मागितलेली खूण

अक्काने कधी कोणाला चेंडूची खूण मागितली नाही. मातीच्या कोर्टावर चेंडू पडला की बारीक ठसा उमटतो. पंच नसलेल्या सामन्यात आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं, समोरचीला शंका आली तर ती म्हणते, "खूण दाखव." सगळ्याजणी मागतात, मीही मागायचे. अक्का मात्र म्हणायची, "खूण मागणं म्हणजे तिला तोंडावर खोटारडी म्हणणं शे." आणि पुढच्या सर्व्हिससाठी वळायची.

ती शिंदखेड्याची, 'आहे'ला 'शे' म्हणणारी; मी वरणगावची. टेनिसच्या स्पर्धांमधून फिरणाऱ्या खानदेशातल्या आम्ही दोघीच, म्हणून कुठेही गेलो तरी एका खोलीत राहायचो. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, पण सगळ्या पोरी तिला अक्काच म्हणत. बाकीच्या प्रोटीनचे डबे हलवत बसायच्या, ही बाई ऐटीत कळण्याची भाकरी आणि ठेचा काढायची. इंदूरला मला ताप भरला, तर सरावाची वेळ सोडून माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. वर मलाच दटावलं, "गप पड. केळी खाऊन वाढलेली पोर, लगेच वितळते!"

जागतिक क्रमवारीत ती नऊशेच्या पलीकडे होती. कोणी नाक मुरडलं तर म्हणायची, "जगात नऊशे जणी पुढे असतील बापा, शिंदखेडा तालुक्यात कोणी शे का?" पण त्या यादीत नाव ठेवायचं तर वर्षभरात नवा गुण मिळवावा लागतो. त्या वर्षी तिच्याकडे जुना एकच उरला होता आणि त्याची मुदत संपत आली होती. गुडघाही कुरकुरत होता. मुख्य फेरीत पोचून एक सामना जिंकला तर नाव राहणार, नाहीतर गळणार. "गळलं तर घरी जाऊन पोरींना शिकवीन," ती हसत म्हणाली, पण त्या दिवशी डबा उघडला नाही.

आणि मुख्य फेरीत नेणाऱ्या पात्रतेच्या शेवटच्या सामन्यात तिच्यासमोर नेमकी मी आले.

शेवटच्या सेटचा टायब्रेक. तिला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. तिचा फोरहँड सणसणत आला आणि माझ्या बाजूच्या रेषेवर पडला. रेषेवर! धडधडीत दिसला मला. आणि मी बोट वर करून म्हणाले, "आउट."

अक्का नेटपाशी आली. "बाहेर शे?"

"हो अक्का, बाहेर."

"बरं," म्हणून ती मागे गेली. पुढचे दोन पॉइंट घेऊन सामना मी जिंकले.

खेळून झालं की कोर्टावर गोणपाट ओढून माती सारखी करतात. अक्का हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नसे, हरल्यावरही. ओढत ओढत ती माझ्या बाजूच्या त्या रेषेपाशी आली आणि थांबली. वाकली. बाकावर बुटाची नाडी हातात धरून मी नुसती बघत राहिले. वाटलं, आता हाक मारणार. तिने त्या जागेवरून गोणपाट दोनदा फिरवलं, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "खांद्याला बर्फ लाव. उद्या मोठा सामना शे तुला."

आणि मी मेलीने खरंच बर्फ लावला! सकाळी उठले तर ती गेलेली होती. टेबलावर तिचा डबा होता, त्यात दोन भाकरी. मी पहिल्याच फेरीत सपाटून हरले, आणि तिचं नाव यादीतून गेलं ते गेलंच.

सहा वर्षांनी धुळ्याला गेले. अक्का तिथे पोरींना टेनिस शिकवते. बसमध्ये वाक्यं घोकली होती, ती सगळी तिला बघताच पळाली. कशीबशी म्हणाले, "अक्का, तो चेंडू आत होता."

"माहीत शे," ती म्हणाली. माझ्या पाठीवर हात ठेवला. "चहा पिऊन जा."

तेवढ्यात कोर्टावर एक चिमुरडी ओरडली, "आउट!" पलीकडची पोर गुमान मागे वळली. अक्का माझ्या पाठीवरचा हात काढून कुंपणाच्या जाळीकडे धावली. "ए, वळतेस काय? खूण माग! जाय, देखी ये!"

पोर बिचकली. "अक्का, ती माझी मैत्रीण आहे."

"मैत्रीण शे म्हणूनच देखी ये," अक्का म्हणाली.

मी चहाला थांबले नाही. मैत्रिणीकडेही खूण मागायची, हे तिला मी शिकवलं होतं.